फिरत्या पट्ट्यावरचं जेवण : स्वस्ताईचं इंजिनिअरिंग

'सुशी' हा शब्द होस्टेलवर काढला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : "शी! कच्चा मासा?" त्यात आपण आष्टीचे. ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ठेचा हे आपलं जेवण. समुद्र आपल्यापासून कितीतरी लांब आणि मासा खाल्लाच तर तलावातला, तोही चांगला तळून. मग कॉलेजच्या मॅगझिनमध्ये सुशीवर लेख कशाला?

कारण असं की हा लेख माशाबद्दल कमी आणि पट्ट्याबद्दल जास्त आहे. जपानमध्ये 'काइतेन-झुशी' नावाचा हॉटेलचा एक प्रकार आहे. 'काइतेन' म्हणजे गोल फिरणं. आपण त्याला 'फिरती सुशी' म्हणू. गिऱ्हाईक जागेवर बसून राहतं आणि जेवण त्याच्यासमोरून कन्व्हेअरवर सरकत जातं. आवडलं ते उचलायचं, खायचं, शेवटी रिकाम्या प्लेटा मोजून पैसे द्यायचे. श्रीमंतांचं समजलं जाणारं खाणं या एका युक्तीमुळे कामगाराच्या आणि विद्यार्थ्याच्या खिशाला परवडू लागलं. आपण थिअरीत कन्व्हेअर शिकतो, क्यूइंग शिकतो, 'पुश' आणि 'पुल' शिकतो. हे तिन्ही चॅप्टर एकाच टेबलावर बघायचे असतील तर यापेक्षा सोपं उदाहरण सापडणार नाही. शिवाय त्याचा आपल्या मेसशीही संबंध आहे, तो शेवटी बघू.

सुशी म्हणजे नेमकं काय?

सुशी म्हणजे कच्चा मासा, ही समजूत अर्धवट आहे. सुशीचा आत्मा भातात आहे. आपल्या इंद्रायणीसारखा चिकट होणारा, आखूड दाण्याचा तांदूळ शिजवून त्यात व्हिनेगर, साखर आणि मीठ कालवतात. त्या भाताची बोटाएवढी मुटकुळी करून वर माशाचा, अंड्याचा किंवा भाजीचा तुकडा ठेवतात. काही वेळा भात आणि सारण समुद्री शेवाळाच्या पापडीत गुंडाळून त्याचे काप करतात. पूर्वी मासे टिकवण्यासाठी ते भातात आंबवत, तिथून ही कल्पना निघाली. हाताने वळून लगेच खायची सुशी एकोणिसाव्या शतकात आजच्या टोकियोमध्ये, म्हणजे तेव्हाच्या एदो शहरात रूढ झाली. तेव्हा ती रस्त्यावरच्या गाड्यावर मिळायची. आपल्याकडच्या वडापावसारखंच म्हणा ना!

पुढे मात्र सुशी महाग झाली. कारागिराला हात बसायला वर्षानुवर्षं लागायची. दुकानात भाव लिहिलेला नसायचा, कारण माशाचा दर रोज बदलायचा. साध्या माणसाला भीती वाटायची ती चवीची नाही, बिलाची. खाऊन उठल्यावर किती पैसे मागतील याचा पत्ता नाही, म्हणून तो दुकानाची पायरीच चढायचा नाही. पट्ट्याने सोडवला तो प्रश्न नेमका हा आहे, हे लक्षात ठेवा.

बाटल्या बघून सुचलेली आयडिया

ओसाकाजवळच्या कारखान्यांच्या वस्तीत योशिआकी शिराइशी (१९१३–२००१) नावाच्या गृहस्थांचं छोटंसं सुशीचं दुकान होतं. गिऱ्हाईक म्हणजे आजूबाजूच्या कारखान्यांतले कामगार. दुकान चालायचं, पण माणसं मिळत नव्हती. युद्धानंतर जपानमध्ये कारखाने वाढत होते आणि पोरं हॉटेलात राबण्यापेक्षा कारखान्यात जायची. वाढप्यांना जास्त पगार द्यावा तर सुशी महाग होणार, आणि सुशी महाग झाली तर कामगार येणार नाही.

अशात त्यांनी आसाही कंपनीच्या बिअरच्या कारखान्यात कन्व्हेअरवरून ओळीने सरकणाऱ्या बाटल्या बघितल्या. बाटली फिरते तर प्लेट का नाही फिरणार? आयडिया एका क्षणात सुचली, पण ती अमलात आणायला काही वर्षं गेली. अखेर १९५८ साली, तेव्हाच्या फुसे आणि आताच्या हिगाशी-ओसाका शहरात, 'गेन्रोकु सुशी' हे जगातलं पहिलं फिरत्या सुशीचं दुकान सुरू झालं. १९७० च्या ओसाका जागतिक प्रदर्शनात लोकांनी हा प्रकार बघितला आणि देशभर त्याची चर्चा झाली. १९७८ साली शिराइशींचा या रचनेवरचा हक्क संपला. मग दुसऱ्या कंपन्या धडाधड या धंद्यात उतरल्या. आज सुशिरो, कुरा सुशी, हामा-झुशी अशा साखळ्यांची दुकानं जपानभर दिसतात.

पट्टा साधा वाटतो, पण आहे का?

आपल्या भागातल्या पोरांना कन्व्हेअर नवीन नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास आष्टी, पाटोदा, शिरूरकडची कितीतरी कुटुंबं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. साखर कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडली की खालची साखळी ऊस ओढत वर नेते. साखळीला जोडलेल्या पट्ट्या आणि त्यांच्यावर माल, हेच ते तत्त्व. फरक इतकाच की गव्हाणीतला ऊस सरळ वर जातो, सुशीच्या प्लेटला मात्र कोपरा वळायचा असतो.

खरी गोम या कोपऱ्यात आहे. साखळीला चौकोनी पट्ट्या जोडल्या तर सरळ रेषेत त्या एकमेकींना चिकटून चालतात. वळणावर मात्र आतल्या कडेचा मार्ग लहान आणि बाहेरच्या कडेचा मोठा. त्यामुळे बाहेरच्या बाजूला फटी पडतात आणि आतल्या बाजूला पट्ट्या एकमेकींवर चढतात. अशा ठिकाणी प्लेट हमखास अडकणार किंवा कलंडणार. यावरचा उपाय म्हणजे चंद्रकोरीच्या आकाराच्या पट्ट्या. एका पट्टीची फुगीर कड पुढच्या पट्टीच्या खोलगट कडेत बसते. वळताना त्या एकमेकींच्या कुशीत फिरतात आणि फट पडत नाही. पुढच्या वेळी फिरत्या सुशीचा फोटो बघाल तेव्हा प्लेटच्या खाली नजर टाका, या चंद्रकोरी दिसतील. जपानमधले असे बहुतेक कन्व्हेअर इशिकावा या एकाच प्रांतात तयार होतात.

दुसरा प्रश्न वेगाचा. पट्टा फार हळू चालला तर गिऱ्हाईक कंटाळतं, फार जोरात चालला तर प्लेट उचलता येत नाही आणि वारा लागून मासाही सुकतो. शिराइशींनी प्रयोग करून वेग ठरवला सेकंदाला ८ सेंटिमीटर. म्हणजे मिनिटाला ४.८ मीटर. गंमत म्हणजे इतक्या सावकाश चालणाऱ्या पट्ट्याने वाढप्याची धावपळ वाचवली!

थोडं गणित करू

समजा पट्ट्याचा पूर्ण वेढा ४० मीटरचा आहे. वेग सेकंदाला ८ सेंटिमीटर धरला तर एका फेरीला ५०० सेकंद, म्हणजे ८ मिनिटं २० सेकंद लागतील. दर २५ सेंटिमीटरवर एक प्लेट ठेवली तर पट्ट्यावर एकूण १६० प्लेटा मावतील.

आता ४० गिऱ्हाईकं बसली आहेत आणि प्रत्येक जण सरासरी दोन मिनिटांना एक प्लेट उचलतो असं धरू. म्हणजे मिनिटाला २० प्लेटा उचलल्या जातात. इथे क्यूइंग थिअरीतला लिटलचा नियम लावा. जॉन लिटल यांनी १९६१ साली त्याची सिद्धता दिली. नियम साधा आहे :

व्यवस्थेतली सरासरी संख्या = दर मिनिटाचा दर × प्रत्येकाचा सरासरी मुक्काम

१६० ला २० ने भागलं की ८ आलं. म्हणजे प्रत्येक प्लेट पट्ट्यावर सरासरी ८ मिनिटं राहते, जवळपास एक फेरी. ताजं जेवण!

आता दुपारचे चार वाजलेत आणि गिऱ्हाईकं फक्त १० आहेत. मिनिटाला ५ प्लेटा उचलल्या जातात. पट्टा मात्र तसाच भरलेला ठेवला तर मुक्काम होईल १६० भागिले ५, म्हणजे ३२ मिनिटं. भात कडक, मासा कोरडा. मग करायचं काय? मुक्काम पुन्हा ८ मिनिटांवर आणायचा तर पट्ट्यावर ४० च प्लेटा ठेवायच्या. म्हणजे चांगल्या दुकानात गर्दी कमी असताना पट्टा रिकामा दिसणं हे कंजूषीचं लक्षण नाही, शहाणपणाचं आहे. भरलेला पट्टा दिसायला छान, पण त्यावरचा प्रत्येक घास शिळा होत चाललेला असतो.

हे हिशेब पुढे मशीनवर आले. सुशिरोने प्लेटच्या तळाला चिप बसवली. प्लेट पट्ट्यावर ३५० मीटर फिरली की ती आपोआप बाजूला काढली जायची. सेकंदाला ८ सेंटिमीटर या वेगाने धरलं तर हे सुमारे ७३ मिनिटं होतात.

मग स्वस्त कसं पडतं?

जेवण स्वस्त करायचे तीन रस्ते आहेत. पहिला, कुणीतरी बाहेरून पैसे घालायचे. आपल्या महाराष्ट्रात १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर सुरू झाली. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी आली : दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि भात, दहा रुपयांत. वरचा फरक सरकार भरायचं. भुकेल्यासाठी हा रस्ता गरजेचा आहे, पण पैसा आटला की केंद्र अडचणीत येतं. दुसरा रस्ता म्हणजे मालात किंवा मजुरीत काटछाट. आमटी पातळ करा, नाहीतर वाढप्याचा पगार मारा. हा रस्ता सोपा असतो, म्हणून बरेच जण तोच धरतात.

तिसरा रस्ता म्हणजे रचना बदलायची. फिरत्या सुशीने हा रस्ता धरला. वाढप्याचं चालणं पट्ट्यावर गेलं. ऑर्डर घेण्याचा वेळ वाचला. प्रत्येक जागेवर गरम पाण्याचा नळ बसवला आणि चहाची हिरवी पूड टेबलावर ठेवली, म्हणजे चहावालाही नको. प्लेटच्या रंगावरून भाव ठरला, म्हणून बिल करणं म्हणजे नुसतं प्लेटा मोजणं. आल्याबरोबर खायला मिळतं, त्यामुळे गिऱ्हाईक लवकर उठतं आणि त्याच खुर्चीवर दिवसात जास्त माणसं जेवतात. १९८१ साली सुझुमो या कंपनीने भाताची मुटकुळी वळणारं मशीन काढलं, तेव्हा कारागिराचा खर्चही उतरला.

या शेवटच्या गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्या हाताला तयार व्हायला वर्षं लागायची, त्या हाताचं काम मशीनने घेतलं. स्वस्ताईची किंमत कुणीतरी मोजतच असतं. इंजिनिअरने हिशेब मांडताना तो रकानाही रिकामा ठेवू नये.

कित्येक वर्षं या दुकानांत दोन तुकड्यांची एक प्लेट १०० येनला, वर कर, असा भाव होता. पुढे मासे महागले, येन घसरला, आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून सुशिरोने आपली सर्वांत स्वस्त प्लेट करासकट ११० वरून १२० येनवर नेली. आपल्या हिशेबाने साठ-सत्तर रुपयांची प्लेट. जपानच्या मानाने आजही ते स्वस्तातलंच जेवण आहे. आणि मुख्य गोष्ट, बिलाची भीती गेली. पोरगं खिशातले पैसे मोजून आत जाऊ शकतं, कारण पाचवी प्लेट उचलतानाच त्याला माहीत असतं की आता किती झाले.

गेलात तर जेवायचं कसं?

हसू नका, उपयोगी पडेल. टोकियोच्या एदोगावा भागात निशी-कासाईला भारतीयांची मोठी वस्ती आहे, त्यात आयटीतली मंडळी बरीच. २०१९ साली तिथल्या स्थानिक सभागृहावर योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ निवडून गेले. उद्या तुमच्यापैकी कुणी तिकडे नोकरीला लागला, तर ही यादी जवळ ठेवा.

१. टेबलावरचा नळ हात धुवायचा नाही. त्यातून चहासाठी उकळतं पाणी येतं. हात भाजून घेऊ नका.

२. एकदा हात लावलेली प्लेट पट्ट्यावर परत ठेवायची नाही. आधी बघा, मग उचला.

३. काड्यांनी जमत नसेल तर सुशी हाताने खाल्ली तरी चालते. सोयासॉसमध्ये माशाची बाजू बुडवा, भाताची नको. भात बुडवला की सुटून वाटीत पडतो.

४. हिरवा गोळा म्हणजे वासाबी. आपल्या मिरचीसारखा जिभेला नाही, कच्च्या मोहरीसारखा नाकात जातो. ठेचा समजून घास घेऊ नका.

५. गुलाबी काप म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरवलेलं आलं. दोन प्रकारांच्या मध्ये तोंड स्वच्छ करायला.

६. शाकाहारी असाल तर काकडीचा 'काप्पा-माकी' सगळ्यात सोपा. टोफूच्या गोड पिशवीत भरलेला भात, म्हणजे 'इनारी', छान लागतो, पण ती पिशवी बऱ्याचदा माशाच्या अर्कात शिजवलेली असते. मिसो सूपचंही तसंच. कडक पाळणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावं.

७. रिकाम्या प्लेटा रचून ठेवा. कुरा सुशीमध्ये टेबललाच खाच असते. त्यात प्लेट टाकली की ती पाण्याबरोबर धुवायला जाते आणि मोजलीही जाते. पाच प्लेटा झाल्या की स्क्रीनवर एक छोटा खेळ लागतो, नशीब असेल तर खेळणं मिळतं. लहान पोरं त्यासाठी सहावी, सातवी प्लेट खातात, हे मालकाला बरोबर माहीत आहे!

पुश, पुल आणि विश्वास

फिरता पट्टा म्हणजे 'पुश' पद्धत. स्वयंपाकघर अंदाजाने बनवतं, पुढे ढकलतं आणि कुणीतरी उचलेल अशी आशा ठेवतं. अंदाज चुकला की माल फेकायचा. याउलट 'पुल' पद्धतीत मागणी आल्याशिवाय काम सुरूच होत नाही. टोयोटाच्या ताइइची ओहनोंनी कारखान्यात आणलेली पद्धत हीच. गेल्या काही वर्षांत बऱ्याच सुशी साखळ्यांनी टेबलावर टचस्क्रीन लावले. ऑर्डर दिली की सरळ लेनवरून प्लेट धावत येऊन तुमच्यासमोरच थांबते. नासाडी कमी, मासा ताजा.

या बदलाला जोर आला तो जानेवारी २०२३ मधल्या एका घटनेने. गिफू शहरातल्या सुशिरोच्या दुकानात एका पोराने सोयासॉसच्या बाटलीला आणि ठेवलेल्या कपाला जीभ लावली, पट्ट्यावरच्या सुशीला थुंकी लावलेलं बोट लावलं आणि त्याचा व्हिडिओ पसरला. काही सेकंदांची टवाळकी, पण कंपनीचा शेअर पडला आणि कोट्यवधी येनच्या भरपाईचा दावा झाला. पुढे तो तडजोडीने मिटला. सुशिरोने पट्ट्यावर सुशी मोकळी फिरवणं थांबवलं आणि ऑर्डरप्रमाणे देणं सुरू केलं. कुराने पट्टा चालू ठेवला, पण प्लेटवरच्या झाकणाशी कुणी छेडछाड करतंय का हे बघायला कॅमेरे लावले.

यातून निघतं ते असं. शिराइशींच्या पट्ट्यात साखळी होती, मोटर होती, चंद्रकोरी होत्या. पण ड्रॉइंगमध्ये न दाखवलेला आणखी एक भाग होता : माझ्या आधी ज्याच्यासमोरून ही प्लेट गेली, त्या अनोळखी माणसाने तिला हात लावला नसेल, हा विश्वास. तो पार्ट फुकट मिळत होता तोवर जेवण स्वस्त होतं. तो तुटल्यावर त्याच्या जागी कॅमेरा, सेन्सर आणि टचस्क्रीन बसवावे लागले, आणि त्यांचा खर्च सगळ्यांच्या प्लेटवर येतो.

आता आपली मेस

पंगतीत वाढपी चालतो, बुफेत जेवणारा चालतो, फिरत्या सुशीत जेवण चालतं. कुठल्याही होस्टेलच्या मेसमध्ये मात्र बऱ्याचदा कुणीच चालत नाही, सगळे रांगेत उभे असतात. आपण काही पट्टा बसवणार नाही. पण हिशेब तरी करू.

समजा १५० मुलं आहेत आणि एका ठिकाणी ताट पूर्ण वाढायला २० सेकंद लागतात. मिनिटाला ३ ताटं. सगळे एकदम आले तर शेवटच्याला ५० मिनिटं थांबावं लागेल. आता चपाती-भाजी एका जागी आणि आमटी-भात दुसऱ्या जागी ठेवा. प्रत्येक ठिकाणी १० सेकंद लागले तर मिनिटाला ६ ताटं, आणि शेवटच्याचं थांबणं २५ मिनिटांवर येतं. एका रुपयाचं मशीन न आणता वेळ निम्मा!

नासाडीचंही बघा. प्रत्येकाने एका जेवणात फक्त ५० ग्रॅम टाकलं, म्हणजे जेमतेम अर्धी भाकरी, तर १५० मुलांचं दोन वेळचं मिळून दिवसाला १५ किलो होतं. महिन्याला साडेचारशे किलो. हे अन्न मेसच्या बिलात आपणच भरलेलं असतं. पाऊस दगा देणाऱ्या तालुक्यात ते पिकवायला आणि ती ताटं धुवायला पाणीही लागलेलं असतं.

म्हणून टी.ई.च्या मुलांसाठी एक मिनी प्रोजेक्ट सुचवतो. गाईड मिळायला अडचण येऊ नये. एक आठवडा मेसच्या दारात स्टॉपवॉच घेऊन बसा. मिनिटाला किती येतात, किती थांबतात, कुठे अडतात, ते लिहा. टाकलेल्या अन्नाची बादली रोज वजनकाट्यावर ठेवा. रात्री जेवायला कोण नाही हे दुपारीच एका वहीत लिहायची सोय करा, म्हणजे अंदाजाच्या 'पुश'मधून थोडं 'पुल'कडे सरकता येईल. आठवड्याचे आकडे घेऊन रेक्टर सरांकडे आणि मेस कमिटीकडे जा. नुसत्या तक्रारीवर चर्चा होते, आकड्यांवर निर्णय होतो.

आणि एक शेवटचं. हिशेबात जे पैसे वाचतील, ते आधी आमटी घट्ट करायला आणि पहाटे उठून भाकऱ्या थापणाऱ्या मावशींचा पगार वाढवायला वापरा. ती वही लिहिताना खोटं लिहू नका. पट्टा असो की वही, दुसऱ्याच्या ताटाची काळजी घेतली तरच दोन्ही चालतात.